आपलं नाव कसं लिहायचं

३ नोव्हेंबर

डी.एड.च्या वेळची ही वही अर्धी कोरी निघाली. शिवकन्या म्हणाली, कोणत्या व्हिडिओला कोणते हॅशटॅग टाकले आणि तो किती जणांनी बघितला ते लिहून ठेव, नाहीतर तुला काहीच कळणार न्हाई. तिचं ताडकळसच्या बसस्टँडजवळ पार्लर आहे. मेंदीचे व्हिडिओ टाकते आणि तिला नऊ हजार लोक फॉलो करतात. म्हणून तिचं ऐकायचं ठरवलं.

माझे सासरे, सिताराम मामा, पाट्या रंगवतात. दुकानांच्या, शाळांच्या, ट्रॉल्यांच्या मागच्या. चाळीस वर्षं हेच केलं. ताडकळसपासून पूर्ण्यापर्यंत जुन्या पत्र्यावर कुठंही सरळ, भरीव अक्षर दिसलं की ते मामांचं असतं. पण फ्लेक्स आले आणि काम आटलं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यापासून मामा पुढच्या खोलीत नुसते बसून असतात, ब्रश धुतात, वाळवतात, परत ठेवतात. मला वाटलं, लोकांना दाखवलं तर काम येईल.

आज पहिला व्हिडिओ टाकला, पिठाच्या गिरणीची पाटी. तीस टॅग: #व्हायरल, #ट्रेंडिंग, #फॉरयू, #इंडिया आणि शिवकन्यानं सांगितलेले बाकीचे सगळे. एकसष्ट जणांनी बघितला. त्यातले निम्मे आमच्याच वस्तीतले असतील.

९ नोव्हेंबर

चार व्हिडिओ झाले. एकही शंभराच्या पुढं नाही. माझे मिस्टर सिद्धोधन परभणीला मेडिकलवर कामाला आहेत. ते म्हणाले, "बाबाला उगं आशेला लावू नको."

दुपारी पार्लरात गेले. शिवकन्या कुणाच्या तरी भुवया कोरत होती. म्हणाली, "मोठ्या टॅगात आपलं काई दिसत न्हाई गं. जत्रंत हाक मारल्यावानी हाय ते. तुझी हाक कुणाला ऐकू जायची?"

"मग तूच तर तीस टाक म्हणालीस."

"मी मेंदी काढते. मेंदी समदेच बघतेत."

घरी येताना विचार करत आले. जत्रेत नुसतं "अहो" म्हटलं तर कुणी वळत नाही. नाव घेऊन हाक मारली तर ज्याचं आहे तो वळतो. टॅगचंही तसंच असेल का?

१४ नोव्हेंबर

आज पूर्ण पाटी दाखवलीच नाही. फक्त एक अक्षर, ळ. मामांनी काळ्या पत्र्यावर पिवळ्या रंगात काढलं. मी मोबाईल धरून बोलत गेले की बघा, आधी डावं वेटोळं, मग उजवं, दोन्ही सारखी भरली पाहिजेत, नाहीतर अक्षर लंगडं दिसतं. गाणं लावणार होते, पण मामा म्हणाले, "अक्षराला गाणं कशाला?" म्हणून नाइलाजानं माझाच आवाज राहिला.

टॅग पाचच: #ताडकळस, #पाटीरंगारी, #मराठीअक्षर, #हातानंलिहिलेलं, #ळ.

सकाळी टाकला. आता संध्याकाळचे सहा वाजलेत. अकरा हजार चारशे.

मी तीनदा मोबाईल बंद करून सुरू केला. आकडा तोच, उलट वाढलेला. आमच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते तेव्हासुद्धा एवढी माणसं नसतील. आणि ती सगळी एक ळ बघत उभी राहिली.

१५ नोव्हेंबर

मामांना कमेंट वाचून दाखवल्या. जिंतूरचा एक जण शारजात इमारतींवर काम करतो. त्यानं लिहिलंय, "ळ बघून गावाकडं आल्यागत झालं, इथं कुणाच्याच तोंडात हे अक्षर न्हाई." मामांनी मोबाईल जवळ ओढून ळ परत बघितला. मग म्हणाले, "शारजा म्हणजे दुबईच्या अलीकडं का पलीकडं?"

मला माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी मोबाईलवर नकाशा बघितला. मामांनी बोट ठेवलं ताडकळसवर आणि सरकवत सरकवत समुद्र ओलांडून तिथपर्यंत नेलं.

बऱ्याच जणांनी "ताई, अजून एक अक्षर" म्हटलंय. कुणी विचारलंय की आवाज कुणाचा, शाळेतल्या बाईंची आठवण झाली. टॅग बरोबर पडले की असं होतं तर.

२२ नोव्हेंबर

आज चूक केली. क्रिकेटचा मोठा सामना होता, सगळीकडं त्याचाच टॅग चालू होता. ख च्या व्हिडिओला तोच लावला. दुपारपर्यंत त्र्याऐंशी हजार. मी हुरळून शिवकन्याला फोन केला.

मग कमेंट यायला लागल्या. सामना कुठंय, फसवायलीस का, आणि पुढं जे लिहिलं होतं ते या वहीत उतरवायचं नाही. काहींनी आमचं आडनाव बघून लिहिलं होतं. एकानं लिहिलं होतं, "म्हाताऱ्याचा हात बघा कसा कापतोय, ह्याला ब्रश कुणी दिला." हात कुठं कापतोय? माझाच मोबाईल हलला होता. ती कमेंट पुसली, मग आख्खा व्हिडिओच काढून टाकला.

संध्याकाळी मामा नेहमीसारखे ऐकायला बसले. चांगल्या चार वाचल्या.

"बस? एवढ्याच?"

"एवढ्याच."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ब्रश धुवायला उठले.

ज्याला शोधायचं नाही त्याला खोटी हाक मारून बोलावलं तर तो चिडणारच. पुन्हा असं करायचं नाही.

२४ नोव्हेंबर

मोबाईलसाठी स्टँड आणला. तरी रेघ हललेली दिसते. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठा घातला.

३० नोव्हेंबर

एका मुलीनं विचारलं, "ताई, माझं नाव ऋतुजा, ऋ कसा लिहायचा?" म्हणून तिचं नावच काढलं. मग दुसऱ्यानं विचारलं, मग तिसऱ्यानं. आता रोज एक नाव किंवा त्यातलं एक अक्षर काढायचं, असं मामांशी ठरलं. त्यासाठी मी आपला एक नवा टॅग केला: #आपलंनावकसंलिहायचं.

शिवकन्या हसली. "एवढा लांब टॅग कोण टाइप करंल बाई?"

खरं आहे तिचं. त्या टॅगवर बोट ठेवून बघितलं तर तिथं फक्त माझा एकच व्हिडिओ. मोठं मोकळं मैदान आणि मधोमध एकच माणूस उभा असावा तसं दिसलं. तरी तो काढावासा वाटला नाही.

६ डिसेंबर

आज महापरिनिर्वाण दिन. सकाळी विहारात जाऊन आलो. विहाराच्या दारावरची अक्षरं मामांचीच आहेत, बावीस वर्षांपूर्वीची. मामा त्यांच्यासमोर थांबले आणि हात मागं बांधून वाचत राहिले, जणू दुसऱ्या कुणी लिहिली आहेत. व्हिडिओ काढला नाही.

११ डिसेंबर

एक विचित्र अकाउंट आहे. फोटो नाही, नावाच्या जागी नुसते आकडे. प्रत्येक व्हिडिओ बघतं आणि खाली काहीतरी खरडतं. आधी नुसतं "प". मग "ररर". दोन दिवस काही नाही. मग "पा". काल "व" आणि त्याच्या पुढं अकरा अंगठे.

शिवकन्या म्हणाली, "खोटं अकाउंट असतंय असलं. ब्लॉक कर."

मी करतच होते, मामा म्हणाले, "राहू दे. कुणाचं लेकरू खेळत असंल."

१८ डिसेंबर

नांदेडच्या एका हॉटेलवाल्यानं व्हिडिओ बघून पाटी सांगितली. हातानंच पाहिजे म्हणाला. मला पार्लरापर्यंत पळत जाऊन सांगावंसं वाटलं, आणि गेलेही.

मामांनी अक्षरं आखली, रंग भरला, पण शिरोरेघ आली तेव्हा ब्रश माझ्या हातात दिला. "टोपी तू दे."

"मामा, नवी पाटी आहे, बिघडेल."

"बिघडू दे. लोकायला तुझा हात बघायचा हाय आता."

मला काही पटलं नाही. कंटाळा आला असेल त्यांना. श्वास धरून रेघ ओढली. सरळ आली. मामा म्हणाले, "श्वास धरू नको, सोडत सोडत वढ." दुसऱ्या ओळीला तसं केलं आणि ब्रश असा सरकला की मलाच खरं वाटेना. पत्र्यावर ओला रंग चमकत होता आणि ती रेघ मी काढली होती.

२७ डिसेंबर

गेल्या आठ दिवसांत मामांनी एकही अक्षर पूर्ण केलं नाही. सुरुवात करतात, मग मला म्हणतात, पुढचं तू. आळशी झालेत. व्हिडिओ मात्र जास्त चालायलेत, एक लाखाच्या वर गेला एक. तोच टॅग, तीच वेळ. कारण कळत नाही. नवीन वर्षात वेळ बदलून बघावी.

३ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहिते.

दुपारी दोन वाजता त्या आकड्यांच्या अकाउंटवरून कमेंट आली: "पारवती".

तासाभरानं दुसरी आली: "पार्वती".

मी भांडी घासत होते. ओल्या हातानंच मोबाईल उचलला आणि मागं मागं सरकवत गेले. प आला होता तो "प"च्या व्हिडिओखाली. ररर, "र"च्या. पा, ज्या दिवशी मी काना कसा द्यायचा ते सांगितलं त्या दिवशीचा. व, "व"च्या खाली. त आणि त्याच्या वेलांटीला चार दिवस लागले होते. आणि मध्ये नऊ दिवस काहीच नव्हतं, कारण र चा रफार होऊन व च्या डोक्यावर कसा बसतो ते मी काल सांगितलं होतं.

लेकरू नव्हतं, कुणी खोटंही नव्हतं. एक बाई महिनाभर माझ्यासमोर बसून तिचं नाव जुळवत होती, आणि मी तिला ब्लॉक करायला निघाले होते.

उत्तर लिहायला बसले तर लक्षात आलं, तिला ते वाचता कसं येईल? म्हणून बोलून पाठवलं. दहा मिनिटांत तिचा आवाज आला. मागं भांड्यांचा खडखडाट होता.

"बाई, मी पार्वतीबाई बोलायले. गंगाखेडच्या अल्याडच्या गावची. शाळंत लेकरायची खिचडी शिजवते. तवा मला टाइप करता येत नव्हतं, पर पोरीनं दाखिवलं व्हतं की त्या माईकवर बोट ठिवायचं आन् बोलायचं, समदं निघतंय. म्हून म्हणलं, आपलं नाव कसं लिहायचं. तर तुमी निघालात."

मी तो आवाज चारदा ऐकला. एवढा लांब टॅग कोण टाइप करेल, असं शिवकन्या म्हणाली होती. कुणीच करणार नव्हतं. पण जिला एक अक्षर येत नव्हतं तिनं तोंडानं विचारलं, आणि इतक्या मोठ्या गर्दीतून तो प्रश्न नेमका माझ्या रिकाम्या मैदानात येऊन उभा राहिला. मी एकवीस दिवस शाळेत सरावपाठ घेतले होते, तेव्हा समोरच्या बाकावरच्या पोरांपर्यंतही माझं म्हणणं असं पोचलं नव्हतं.

मामांना सांगितलं. ते म्हणाले, "ऐकव." ऐकून झाल्यावर म्हणाले, "परत ऐकव."

१२ जानेवारी

पार्वतीबाई आज आल्या. गंगाखेडहून परभणी, परभणीहून ताडकळस, दोन एसट्या बदलून. पन्नाशीच्या असतील, दंड वरवंट्यासारखे. दारातच म्हणाल्या, "त्या अक्षरवाल्या बाई तुमीच का? आवाजावरनं वळखलं."

मी चहा ठेवला. कप समोर आला तेव्हा मामांची नजर त्या कपावरच होती. आमच्या घरचं कोण पितं, कोण नाही, ते बघायची मामांना अजून सवय आहे. पार्वतीबाईंनी बशीत ओतून फुंकर मारत सगळा प्यायला आणि "आलं लय बेस पडलंय" म्हणाल्या. मग मामा खुर्चीत नीट टेकून बसले.

मी विचारलं, नाव कशासाठी शिकलात.

"दर म्हैन्याला रजिस्टरवर अंगठा लावते. सर शाईचं खोकं म्होरं सरकवतेत. लेकरं बघत असतेत. चौथीतली एक पोरगी म्हणली, मावशी, तुला सही येत न्हाई? त्या दिसापून ठरवलं."

मग पिशवीतून वही काढली. पानं भरून पार्वती, पार्वती, पार्वती. मी कौतुकानं बघत होते आणि बघता बघता थांबले. प्रत्येक उभी दांडी लहरत होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, सारखीच, पाण्यात काठी बुडवल्यावर दिसते तशी. आधी वाटलं, नवा हात आहे. म्हणून त्यांना माझ्यासमोर लिहायला सांगितलं. हात दगडासारखा स्थिर. मोठमोठी पातेली उतरवणारा हात. त्या स्थिर हातानं त्या सावकाश, मुद्दाम, दांडीत तीन लहरी काढत होत्या.

"चुकलं का, बाई? तुमच्या व्हिडिओत हायेत तशाच काढल्यात."

मामा खाली बघत होते. उजवा हात त्यांनी डाव्या हाताखाली दाबून धरला होता.

पार्वतीबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, मग वहीकडं, मग परत त्यांच्याकडं. हळूच विचारलं, "दादा, हात कवापास्नं कापायलाय?"

"वरीस झालं," मामा म्हणाले.

वर्ष. आणि मी टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला होता. त्या क्रिकेटच्या दिवशी ज्यानं लिहिलं होतं त्याला दिसलं, पार्वतीबाईंना अक्षरात दिसलं, आणि मी त्याच हातावर रोज मोबाईल रोखून उभी होते.

"मला बोलले का नाही, मामा?"

"तू लय खूश व्हतीस," ते म्हणाले. मग म्हणाले, "आन् तुजा हात बसंपर्यंत मला तितं ऱ्हायाचं व्हतं."

पार्वतीबाईंनी वही मिटली. "मग ही लहर काढून टाकू का, दादा?"

मामा हसले. आत्या गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. "काढून टाका. ती माजी हाय."

१५ जानेवारी

परभणीला डॉक्टरांना दाखवलं. वयानं होतं म्हणाले, गोळ्या दिल्यात, थोडा फरक पडेल. बारीक काम टाळा म्हणाले. गाडी सिद्धोधन चालवत होते. मामा मागून त्यांना रस्त्याकडच्या पाट्या वाचून दाखवत होते, कुठलं अक्षर कुणी बिघडवलंय ते.

१ फेब्रुवारी

पार्वतीबाईंचा आवाज आला. "बाई, झालं. सरांनी खोकं सरकवलं, मी म्हणलं, पेन द्या. सर उठून हुबे ऱ्हायले. मी बसूनच सही केली." मग म्हणाल्या, "आता बाकीची अक्षरं बी लावून वाचते. हितं आठ बाया बसल्यात माज्या डोक्यावर. मोबाईलमधनं न्हाई म्हणतेत, बाईलाच आण म्हणतेत."

मामांना विचारलं. ते म्हणाले, "कवा निघायचं?"

८ फेब्रुवारी

सकाळच्या एसटीनं गेलो. शाळेला सुट्टी होती, व्हरांडा मोकळा होता. आठ सांगितल्या होत्या, बसल्या होत्या चौदा. कुणी पाटी आणली होती, कुणी नातवाची वही. मामांनी खडूच्या भुकटीत घोळवलेला दोरा फरशीवर ताणून टिचकी मारली, सरळ पांढरी रेघ उमटली, आणि बायका बघायला पुढं सरकल्या. त्यांनी अशा चौदा रेघा पाडल्या. त्याला हात स्थिर लागत नाही.

मग मी सुरू केलं. प्रत्येकीला तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढून दिलं. मला वाटलं होतं, समोर माणसं असली की माझी जीभ अडखळेल. पण एकेका अक्षरापाशी वाकून त्यांचं बोट धरलं आणि बारा कधी वाजले ते कळलं नाही. एका बाईला तिच्या नावातला ष जमेना, ती त्याच्यावर रागावली, मी तिला श चालतो म्हटल्यावर म्हणाली, "न्हाई, जो हाय त्योच लिवीन."

खांबाला टेकून एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. सत्तरीच्या तरी असतील. पार्वतीबाईंनी येतानाच सांगितलं होतं, ह्या सरजाबाई. त्यांनी पाटी कोरीच ठेवली होती. मी जवळ बसले.

"मावशी, स पासून करू या का? सरजा."

"ते नगं."

"मग काय लिहू?"

त्यांनी इकडं तिकडं बघितलं, माझा कान तोंडाजवळ घेतला. "ते नाव सासरचं हाय. लग्नात बदललं. आदी मी गोदा व्हते." तोंडाला तंबाखूचा वास येत होता. "माय गेली, भाऊ गेला. त्या नावानं हाक मारणारं कुणी न्हाई ऱ्हायलं. ते लिवता येतंय का?"

येतं म्हटलं. पाटीवर लिहिलं. ग, त्याला काना, वर मात्रा. मग द, त्याला काना. दोनच अक्षरं. त्यांनी त्यांच्यावरून बोट फिरवलं, तळहातानं पुसलं आणि म्हणाल्या, "परत." परत लिहिलं. परत पुसलं. तिसऱ्या वेळी खडू मागून घेतला. पहिल्यांदा मात्रा राहिली, दुसऱ्यांदा द उलटा झाला. चौथ्यांदा बरोबर आलं. वाकडं, मोठं, पाटीभर.

त्या बघतच राहिल्या. मग संशय आला. "हेच हाय का ते? का मला बनवायलीस?"

"कुणालाही दाखवा, मावशी."

पार्वतीबाई पलीकडं दुसऱ्या बाईचा हात धरून बसल्या होत्या, आमचं बोलणं त्यांनी ऐकलेलं नव्हतं. सरजाबाईंनी पाटी दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यासमोर धरली, काही न सांगता. पार्वतीबाईंनी पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. ओठ हलले. ग. गो. बोट सरकलं. दा. मग दोन्ही मिळून मोठ्यानं वाचलं, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं.

"गोदा."

आणि खांबाजवळून सरजाबाई म्हणाल्या, "ओ."